मोठा आवाज कीं चांगला नाद ?

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तींत सारा दोष नाचणाऱ्याच्या पदरीं घातला आहे, आणि बहुधा तो योग्यच असतो. परंतु क्वचित् असेंहि घडतें कीं, अंगण खरोखरीच वांकडें असतें व बिचाऱ्या नाचणाऱ्यास उगाच बोल लागतो. अशा वेळीं शहाण्यानें काय करावें ? कुदळ घेऊन अंगण सारखें करावें. परंतु आजकाल पुष्कळांस तेवढा धीर नसतो. अंगण सारखें करावयाचें सोडून ते घरच बदलावयास निघतात! गिटार शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांत व त्यांच्या पालकांत हा प्रकार वारंवार दृष्टीस पडतो, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं, नाताळच्या गीतांत आणि स्नेहसंमेलनांत गिटार आतां पेटी-तबल्याच्या शेजारीं बसूं लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु तिच्या पाठोपाठ घराघरांत एक नवा हट्टहि शिरला आहे. विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज फारसा नसतो. तारांचें कंपन विजेच्या रूपानें अँप्लिफायरकडे जातें, तेथें तें बलवान् होतें, आणि शेवटीं स्पीकर त्याचा पुन्हां आवाज करितो. हा आवाज कानास गोड लागला नाहीं, कीं मुलें म्हणूं लागतात, ‘मला मोठा अँप्लिफायर घेऊन द्या.’ आईबाप दुकानांत जातात, दुकानदार वॅटांचे आंकडे दाखवितो, आंकडा जितका मोठा तितकी वस्तु चांगली असें समजून पैसे मोजले जातात. आणि घरीं आल्यावर पूर्वींचाच कर्कश सूर अधिक मोठ्यानें ऐकूं येतो.

गेल्या वर्षीं रामदासपेठेंत राहणारे एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा नववींत शिकत होता. घरीं १५ वॅटांचा लहान अँप्लिफायर होता, व त्यांत ८ इंचांचा स्पीकर होता. मुलास ५० वॅटांचा अँप्लिफायर हवा होता. गृहस्थांची अडचण पैशाची होतीच. पण त्याहून मोठी अडचण निराळी होती. रामदासपेठ ही दवाखान्यांची वस्ती. त्यांच्या गच्चीसमोरच एक रुग्णालय, आणि दोन घरें सोडून शिकवणीचे वर्ग. ‘‘आहे हाच आवाज शेजाऱ्यांस सोसत नाहीं, आणि आमचे चिरंजीव म्हणतात कीं तो पुरत नाहीं. गुरुजी, यांत खरें कोणाचें ?’’ असें त्यांनीं विचारलें. मीं त्यांच्या घरीं जाऊन ऐकून पाहिलें, तेव्हां दोघांचेंहि म्हणणें खरें आहे असें दिसून आलें. आवाज मोठा होता, आणि नाद वाईट होता.

आपल्या संगीतशास्त्रांत नादाचीं तीन अंगें सांगितलीं आहेत : उंच-नीचपणा, लहान-मोठेपणा आणि जाति. सनईचा षड्ज व पेटीचा षड्ज एकाच उंचीचा व एकाच मोठेपणाचा असला, तरी डोळे मिटून ऐकणारासहि तो कोणत्या वाद्याचा हें ओळखतां येतें; तें जातीमुळें. या मुलाची तक्रार नादाच्या जातीविषयीं होती, आणि उपाय मात्र तो लहान-मोठेपणाचा मागत होता. पोळी करपते म्हणून तवा मोठा आणावा, तशांतला हा प्रकार झाला.

आतां जात बदलावयाची ती कोठें ? आपल्या वाद्यांचे कारागीर या प्रश्नाचें उत्तर पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. तबला नीट बोलेनासा झाला, तर कोणी लांकडाचें खोड फेंकून देत नाहीं. वरची पुडी बदलतात. तंबोऱ्याचा झंकार मंदावला, तर भोपळा बदलीत नाहींत. घोडीची जवारी नव्यानें काढतात. तंबोरे-सतारींसाठीं प्रसिद्ध असलेल्या मिरजेच्या कारागिरांस विचारावें. भोपळा तोच, तार तीच, पण जवारी साधली कीं तंबोरा जणूं निराळाच होऊन बोलतो. अँप्लिफायरच्या बाबतींत ही पुडी किंवा ही जवारी म्हणजे स्पीकर होय. विजेचा पुन्हां नाद होतो तो त्याच ठिकाणीं, आणि म्हणून नादाची जात ठरविण्यांत त्याचा वांटा फार मोठा असतो. असें असून खरेदीच्या वेळीं त्याच्याकडे कोणाचेंहि लक्ष जात नाहीं, कारण तो जाळीच्या कापडामागें दडलेला असतो.

त्या जाळीमागें असतें तरी काय ? कागदाचा एक शंकु, त्याच्या मुळाशीं तांब्याच्या तारेचें वेटोळें, आणि वेटोळ्याभोंवतीं लोहचुंबक. अँप्लिफायरकडून येणारी वीज वेटोळ्यांतून उलटसुलट वाहते. त्यामुळें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत मागेंपुढें हालतें, त्याबरोबर कागद हालतो, आणि कागद हवेस हालवितो. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनीं १९२५ सालीं या रचनेस व्यवहारोपयोगी रूप दिलें. शंभर वर्षें लोटलीं, तरी गिटारचा स्पीकर मूळ तत्त्वांत तोच राहिला आहे. मात्र कागद जाड कीं पातळ, त्याच्या कडा कशा घडी घातलेल्या, चुंबक कसला व किती बळाचा, यांवर नाद बदलतो.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. दिवाणखान्यांत गाणीं ऐकण्यासाठीं जे स्पीकर असतात, त्यांनीं सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें सारखींच उमटवावींत, अशी अपेक्षा असते. गिटारच्या स्पीकरचा धर्म वेगळा. नेहमींच्या सहा तारी गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कंप पावते. आणि तिच्यासाठीं केलेला स्पीकर सुमारें ५,००० कंपनांच्या पलीकडे झपाट्यानें मंदावतो. हा त्याचा दोष नव्हे, गुण आहे. गिटारचा सूर अँप्लिफायरमध्यें ताणला गेला कीं त्यांत माशीच्या गुणगुणण्यासारखा तीक्ष्ण अंश येतो, व हा मंदावणारा कागद तो अंश गाळून टाकितो. म्हणूनच मांडवांतला कर्णा किंवा जुन्या रेडिओचा स्पीकर काढून गिटारच्या पेटींत बसविला, तर पैसे वांचतात पण काम साधत नाहीं.

आतां वॅटांच्या मोहाकडे वळूं. अँप्लिफायरचे वॅट दुप्पट केले, तर आवाज दुप्पट होतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसें नाहीं. वॅट दुप्पट केल्यानें आवाज केवळ ३ डेसिबलांनीं वाढतो. आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा कानास वाटावा, तर सुमारें १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. १५ वॅटांच्या जागीं ५० वॅट आणले, तरी वाढ होते ती सुमारें ५ डेसिबलांची. उलट स्पीकरा-स्पीकरांतच तेवढ्याच विजेवर २-३ डेसिबलांचा फरक असूं शकतो. १०० डेसिबलांचा स्पीकर लावलेला १५ वॅटांचा अँप्लिफायर, ९७ डेसिबलांचा स्पीकर लावलेल्या ३० वॅटांच्या अँप्लिफायरइतकाच मोठ्यानें बोलतो. हे आंकडे १ वॅट वीज देऊन १ मीटर अंतरावरून मोजतात, व चांगले कारखानदार ते छापून देतात.

यावर आमचे पुष्कळ विद्यार्थी उडी मारून म्हणतील, ‘‘मग १०० डेसिबलांचाच आणूं या !’’ माझें मत नेमकें याच्या उलट आहे, आणि तें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे. मोकळ्या मैदानांत वाजवावयाचें असेल तर गोष्ट वेगळी. परंतु रामदासपेठेसारख्या दाट वस्तींत, घरीं वाजविणाऱ्या मुलानें कमी डेसिबलांचा स्पीकर निवडावा, आणि पैसे नादाच्या जातीसाठीं द्यावेत, मोठेपणासाठीं देऊं नयेत.

इंग्लंडांतील ‘सेलेस्टियन’ या नांवाजलेल्या कारखान्याचे दोन स्पीकर उदाहरणादाखल घेऊं. दोन्हीहि १२ इंचांचे. ‘ग्रीनबॅक’ हा २५ वॅट सोसणारा व ९८ डेसिबलांचा. १९८६ सालीं निघालेला ‘व्हिंटेज ३०’ हा ६० वॅट सोसणारा व १०० डेसिबलांचा. दुसऱ्याच्या नांवांत ३० हा आंकडा आहे, पण तो वॅटांचा नाहीं. यावरूनच आंकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणें किती फसवें आहे तें दिसेल. स्पीकरवर लिहिलेले वॅट तो किती सोसतो हें सांगतात, किती मोठ्यानें बोलतो हें सांगत नाहींत. पहिला स्पीकर मऊ व किंचित् खरखरीत बोलतो. दुसरा मधल्या स्वरांवर जोर देऊन गर्दींतूनहि पुढें येतो. यांत थोर-लहान कोणी नाहीं. कोणत्या गाण्यासाठीं व कोणत्या जागेसाठीं, एवढाच प्रश्न आहे.

जागेचा प्रश्न मीं पुन्हां पुन्हां काढतों, त्यास कारण आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें शांतता क्षेत्र म्हणून ठरविलेल्या भागांत दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रहिवासी भागांत ती अनुक्रमें ५५ व ४५ आहे, आणि रात्र म्हणजे १० पासून सकाळीं ६ पर्यंत. रुग्णालयें, शिक्षणसंस्था व न्यायालयें यांच्या भोंवतींचा १०० मीटरांचा परिसर अशा क्षेत्रासाठीं धरिला आहे. मुंबईस धोबी तलावाजवळ रंगभवन नांवाचें उघडें रंगमंदिर आहे. १९८६ सालीं सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा गिटारवाद्यांचा मेळा तेथें अनेक वर्षें भरत असे. शेजारीं सेंट झेवियर्स कॉलेज, आणि जवळच रुग्णालयें. हे नियम आल्यावर, या शतकाच्या आरंभीं, तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. रसिक हळहळले, व तें साहजिकच होतें. परंतु कलावंत आणि रुग्ण यांच्यांत वाद पडला, तर निकाल रुग्णाच्या बाजूनेंच लागला पाहिजे, यांत शंका नाहीं. मग असा वाद पडूंच न देणें, यांतच कलावंताचें शहाणपण आहे.

कोणी जाणता यावर आक्षेप घेईल कीं, अँप्लिफायर पुरता ताणल्याशिवाय त्याचा खरा नाद निघतच नाहीं. हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. विशेषतः व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्यें व्हॉल्व्ह आणि कागद हे दोघेहि जोर लागल्यावर निराळे बोलूं लागतात. परंतु यावरूनच माझें म्हणणें अधिक दृढ होतें. तो ताण लहान खोलींत अनुभवावयाचा असेल, तर अँप्लिफायर थोड्या वॅटांचा आणि स्पीकर कमी डेसिबलांचा असावा. म्हणजे वादकास अँप्लिफायर ताणतांहि येतो, व भिंतीपलीकडच्या आजाऱ्याची झोंपहि त्या मानानें कमी मोडते.

आणखी एक आक्षेप खर्चाचा. परदेशी स्पीकरची किंमत कित्येकदां लहान अँप्लिफायरच्या सबंध किंमतीएवढी होते, हें खरें आहे. अशा वेळीं तो घेणें शहाणपणाचें नव्हे. तसेंच ज्या नव्या अँप्लिफायरमध्यें संगणकाच्या पद्धतीनें निरनिराळ्या स्पीकरांच्या नादाची नक्कल केलेली असते, त्यांत स्पीकर बदलून फारसें हातीं लागत नाहीं. ‘स्पीकर बदला’ असा सरसकट उपदेश मी करीत नाहीं. आधीं ऐका, मग ठरवा, एवढेंच माझें सांगणें आहे.

ऐकावयाचें तरी कसें ? प्रथम गिटारच्या तारा नव्या घालाव्यात. गंजलेल्या तारांस कोणताहि स्पीकर गोडवा देऊं शकत नाहीं. नंतर अँप्लिफायर जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवावा. उंच स्वर स्पीकरच्या तोंडासमोर सरळ रेषेंत जातात. त्यामुळें उभा राहून वाजविणाऱ्यास आपला सूर बोथट वाटतो, तो तिखट करण्यासाठीं बटण पिळतो, आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. पुष्कळ घरांतलें भांडण एवढ्या एका खुर्चीनें मिटेल. मग पेटीचे स्क्रू आंवळून पाहावेत. एवढें करूनहि सूर फाटत असेल, तर स्पीकरकडे वळावें. अँप्लिफायर बंद असतांना कागद दोन्ही बाजूंनीं बोटांनीं अलगद व सारखा दाबून पाहावा. आंतून खरखर आली तर वेटोळें चुंबकास घांसत आहे असें समजावें.

बदलण्याचें ठरलें, तर तीन गोष्टी आधीं जुळविल्या पाहिजेत. पहिली माप : ८ इंचांच्या जागीं ८ इंचांचाच स्पीकर बसतो. दुसरी ओहम : अँप्लिफायरवर ८ ओहम लिहिलें असेल तर स्पीकरहि ८ ओहमांचाच हवा, कमी ओहमांचा लावल्यास ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर तापून बिघडतो, आणि व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तर स्पीकरशिवाय कधींहि चालू करूं नये. तिसरी सोसण्याची शक्ति : ती अँप्लिफायरच्या वॅटांहून कमी असूं नये, थोडी अधिकच असावी. या तीन चाळण्यांतून जे स्पीकर उरतील, त्यांतूनच कानानें निवड करावयाची. आणि विद्यार्थिमित्रहो, एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्यें वीज बंद केल्यावरहि कांहीं काळ शेंकडों व्होल्टांचा दाब शिल्लक राहतो. तो उघडण्याचें काम जाणत्या कारागिराचें आहे, तुमचें नव्हे.

कानानें निवडावयाचें, म्हणजे आपल्यास काय वाजवावयाचें आहे हें आधीं ठाऊक पाहिजे. १९६४ सालीं इंग्लंडांतील ‘द किंक्स’ या मंडळींतल्या डेव्ह डेव्हिस या तरुणानें आपल्या लहानशा अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागद पात्यानें मुद्दाम चिरला, आणि त्या फाटक्या सुरावर वाजविलेलें गीत जगभर गाजलें. त्यास तोच सूर हवा होता, म्हणून तेथें दोषाचा गुण झाला. (हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं करूं नये, ही प्रेमाची सूचना !) उलट, १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मा यांच्या संतूरच्या व हरिप्रसाद चौरसिया यांच्या बांसरीच्या जोडीनें ब्रिजभूषण काब्रा यांनीं गिटारवर राग वाजविले आहेत. तेथें लांब मींडेचा एकेक कण स्वच्छ ऐकूं यावा लागतो. अशा वादनास खरखरीत स्पीकर मारकच होईल. आणि आपल्या उपासनेंत रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या भक्तकवींचीं गीतें गातांना गिटार साथीस घेतली, तर तिनें शब्दांच्या मागें राहावें, शब्दांवर पाय देऊं नये. तेथें मऊ, मोकळा, शांत नादच शोभतो.

आतां त्या रामदासपेठेंतल्या मुलाचें काय झालें तें सांगतों. त्याच्या स्पीकरचा कागद कडेस सुटला होता, व वेटोळें घांसत होतें. सीताबर्डीच्या एका दुरुस्तीच्या दुकानांत त्याच मापाचा, तितक्याच ओहमांचा, गिटारसाठींच केलेला स्पीकर मिळाला. दुकानांत दोन होते. एक भडक बोलणारा, एक संयमी. मुलानें प्रथम भडकाकडेच बोट दाखविलें. मीं त्यास पाठ फिरवून, डोळे मिटून, दोन्ही स्पीकर सारख्याच मोठेपणावर आळीपाळीनें ऐकावयास लाविलें, आणि तीन वेळां त्यानें संयमी स्पीकरच निवडला. त्याचा त्यासच अचंबा वाटला ! नव्या अँप्लिफायरच्या मानानें खर्च पुष्कळच कमी आला. त्यानंतर कांहीं दिवसांनीं वडील भेटले, तेव्हां म्हणाले, ‘‘गुरुजी, चमत्कार झाला असें नाहीं; हात अजून चुकतोच. पण आतां तो आवाजाचें बटण पूर्वींच्या अर्ध्यावर ठेवतो, आणि कां म्हणून विचारलें तर म्हणतो, ‘मला माझें ऐकूं येतें.’ ’’

मला वाटतें, या चार शब्दांत सारें आलें. ज्यास आपलें आपल्यास स्पष्ट ऐकूं येत नाहीं, तोच आवाज चढवीत जातो. हें गिटारविषयीं खरें आहे, आणि सभेंतल्या वक्त्यांविषयीं व वर्गांतल्या वादांविषयींहि खरें आहे. नाद स्वच्छ झाला, कीं वादकास आपली चूक ऐकूं येते; चूक ऐकूं आली, कीं ती सुधारावीशी वाटते. मोठ्या आवाजांत चूक झांकली जाते, आणि झांकलेली चूक वाढतच राहते.

तेव्हां पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलानें मोठा अँप्लिफायर मागितला, तर लगेच ‘हो’ म्हणूं नये आणि लगेच ‘नाहीं’हि म्हणूं नये. त्याच्यासमोर दहा मिनिटें बसून त्याचें वादन ऐकावें, आणि नेमकें काय खटकतें, हें त्यासच सांगावयास लावावें. ‘लहान वाटतो’ एवढेंच तो म्हणाला, तर अजून कांहीं दिवस थांबावें. ‘खालचा सूर फुटतो’, ‘वरचा टोंचतो’, ‘शब्दांवर चढतो’ असें तो नेमकें सांगूं लागला, म्हणजे त्याचा कान तयार होऊं लागला असें समजावें, आणि मग त्यासच बरोबर घेऊन दुकानांत जावें.